डेटाबेस पूलर दुरून सांभाळायचा, तर खर्च किती?

बीड जिल्ह्यातल्या पतसंस्था, रुग्णालये, महाविद्यालये, दूध संघ आणि ठोक व्यापारी यांच्यापैकी अनेकांचा कारभार आता एका सर्व्हरवरच्या डेटाबेसवर चालतो. सॉफ्टवेअर देणारी कंपनी बहुधा पुण्याची किंवा छत्रपती संभाजीनगरची. काउंटर अडकला की फोन जातो, तिकडून कोणीतरी स्क्रीन ताब्यात घेते आणि काही वेळाने गाडी रुळावर येते. पुढे कधीतरी दरपत्रकात नवी ओळ दिसते : ‘कनेक्शन पूलर बसवणे व रिमोट अॅडमिनिस्ट्रेशन’. रक्कम कुठे वीस हजार, कुठे लाखाच्या वर. संचालक मंडळाला प्रश्न पडतो : हे नक्की काय, आपल्याला हवे का, आणि हवे असेल तर रास्त किंमत किती?

या लेखात त्याच तीन प्रश्नांची उत्तरे आहेत. मजुरीचा दर तासाला १,००० रुपये आणि डॉलर ९० रुपये धरला आहे. तुमच्याकडचा दर वेगळा असेल, तर तो घालून तेच गुणाकार करा.

पूलर म्हणजे काय, आणि तो कोणाला लागत नाही

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू होते. ती मेमरी खाते, काम नसले तरी बसून राहते. मूळ सेटिंगमध्ये एका वेळी १०० जोडण्यांची मर्यादा असते आणि त्यातल्या ३ मुख्य व्यवस्थापकासाठी राखीव असतात. म्हणजे वापरायला ९७.

समजा, एका पतसंस्थेचे मुख्यालय बीडला आणि शाखा गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई व परळीला आहेत. सहा ठिकाणी प्रत्येकी सहा संगणक, म्हणजे ३६. प्रत्येक संगणकावरच्या सॉफ्टवेअरने तीन जोडण्या उघडून ठेवल्या, तर झाल्या १०८. सकाळी अकराला सगळी काउंटरे सुरू झाली की ९७ नंतरच्या माणसाला जोडणी नाकारल्याचा संदेश येतो आणि पावती अडते.

पूलर हा काउंटरबाहेर टोकन देणाऱ्या शिपायासारखा असतो. बाहेर शंभर माणसे उभी असली, तरी आत वीसच सोडतो. एकाचे काम झाले की पुढचा आत. डेटाबेसवर भार २० जोडण्यांचा, पण सेवा शंभरांना.

पैसे खर्च करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

एक, तुमचा डेटाबेस कोणता? पतसंस्थांची बरीच पॅकेजेस मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरवर चालतात. डॉट नेटच्या प्रोग्रॅममध्ये जोडण्यांचे पूलिंग आतच असते आणि ते मुळातच चालू असते. तिथे वेगळ्या पूलरचे पैसे मागितले, तर कारण लेखी मागा.

दोन, तुम्ही विविध कार्यकारी सेवा सोसायटी, म्हणजेच प्राथमिक कृषी पतसंस्था, आहात का? केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचे सामायिक सॉफ्टवेअर नाबार्डच्या देखरेखीखाली क्लाउडवर चालते. त्या योजनेत असलेल्या सोसायटीने डेटाबेसच्या पूलरवर एक रुपयाही खर्च करण्याचे कारण नाही. ते काम वरच्या पातळीवरचे आहे.

तीन, फुकटचा उपाय करून पाहिला का? पोस्टग्रेसची १०० ची मर्यादा वाढवता येते. सर्व्हरमध्ये मेमरी पुरेशी असेल, तर १५० किंवा २०० वर नेऊन एकदा डेटाबेस पुन्हा सुरू करायचा. अर्ध्या तासाचे काम. वरच्या उदाहरणातल्या संस्थेचे दोन-तीन वर्षे एवढ्यावरही भागू शकते. शाखा वाढत असतील, मोबाइल अॅप किंवा वेबसाइट जोडायची असेल, तेव्हा मात्र पूलर बसवावा.

सॉफ्टवेअरची किंमत : शून्य

पोस्टग्रेससाठी सर्वाधिक वापरला जाणारा हलका पूलर म्हणजे पीजीबाउन्सर. २००७ मध्ये तो स्काइप कंपनीत तयार झाला. स्काइप मे २०२५ मध्ये बंद पडले, पूलर मात्र जगभर चालू आहे. तो मुक्त परवान्याचा आहे. प्रतीमागे, वापरकर्त्यामागे, वर्षाला असे कोणतेही शुल्क नाही. एका जोडणीला सुमारे २ किलोबाइट मेमरी पुरते, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा संगणकही लागत नाही. ज्या यंत्रावर डेटाबेस आहे, त्यावरच बसतो.

पीजीपूल हा दुसरा पर्याय. त्यात भार वाटून देणे, एक सर्व्हर पडला तर दुसऱ्यावर जाणे अशा सोयी आहेत, पण तो बसवायला आणि समजायला जड. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांसाठी प्रॉक्सीएसक्यूएल आहे. हे दोन्हीही फुकट.

म्हणून दरपत्रकात ‘पूलर लायसन्स’ असे लिहून रक्कम टाकली असेल, तर ती ओळ खोडायला सांगा. देखभाल करारासाठी पैसे घेणे रास्त आहे, पण त्याला परवाना म्हणू नये.

दुरून सांभाळायचे म्हणजे काय करायचे

पीजीबाउन्सरमध्ये व्यवस्थापनासाठी एक आतली खिडकी असते. ‘पीजीबाउन्सर’ याच नावाच्या नकली डेटाबेसला जोडून घेतले की ती उघडते. तिथे आज्ञा द्यायच्या. ‘शो पूल्स’ म्हटले की किती जण काम करत आहेत, किती रांगेत आहेत आणि रांगेतल्या सर्वांत जुन्या माणसाला किती सेकंद झाले ते दिसते. ‘पॉज’ म्हटले की चालू व्यवहार पुरे होऊ देऊन नवे थोपवले जातात. तेवढ्यात डेटाबेस पुन्हा सुरू करायचा आणि ‘रिझ्यूम’ म्हणायचे. काउंटरवरच्या माणसाला फक्त काही सेकंद उशीर जाणवतो. ‘रीलोड’ने बदललेली सेटिंग लागू होते.

याच खिडकीतून ‘किल’ म्हटले तर सगळ्या जोडण्या तुटतात, आणि ‘शटडाउन’ म्हटले तर पूलरच बंद पडतो. म्हणजे जो या खिडकीपर्यंत पोचला, तो सहाही ठिकाणे एका शब्दात थांबवू शकतो. दूरस्थ व्यवस्थापनाचा सगळा प्रश्न इथे आहे. खिडकी पुण्यात बसलेल्या आपल्या माणसाला दिसली पाहिजे, दुसऱ्या कोणाला नाही.

पीजीबाउन्सरचा दरवाजा मूळ सेटिंगप्रमाणे ६४३२ क्रमांकाच्या पोर्टवर असतो. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे राउटरवर हा पोर्ट इंटरनेटसाठी उघडून देणे. पाच मिनिटांचे काम, खर्च शून्य. अनेक तंत्रज्ञ हेच करून मोकळे होतात. पण उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातले हजारो मोंगोडीबी डेटाबेस, पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे असल्याने, पुसले गेले आणि मालकांकडे खंडणी मागितली गेली. त्यात कोणाची फार मोठी हुशारी नव्हती. दार उघडे होते, एवढेच.

हाच धोका इतर पूलरांनाही आहे. पीजीपूलचे व्यवस्थापन ९८९८ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. प्रॉक्सीएसक्यूएलचे ६०३२ वर, आणि त्याचे सुरुवातीचे नाव व पासवर्ड दोन्ही ‘अॅडमिन’ असतात. सुदैवाने ते नाव फक्त त्याच यंत्रावरून चालते. दुरून येण्यासाठी वेगळा वापरकर्ता करावा लागतो. तो करताना पासवर्डही ‘अॅडमिन’च्या वळणाचा ठेवला, तर त्या संरक्षणाचा उपयोग नाही.

रस्ते चार, त्यांचे भाव

*पहिला : एसएसएचचा बोगदा.* सर्व्हर आधीच क्लाउडवर असेल, तर हा सर्वांत स्वस्त. पूलर फक्त सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर ऐकतो आणि बाहेर फक्त एसएसएचचा दरवाजा असतो. तोही पासवर्डने नव्हे, किल्ली-फाइलने उघडणारा. तंत्रज्ञ आपल्या लॅपटॉपवरून बोगदा जोडतो आणि ६४३२ ची खिडकी त्याला जणू स्वतःच्याच संगणकावर दिसते. मासिक जादा खर्च शून्य.

*दुसरा : स्वतःचे व्हीपीएन, म्हणजे खाजगी जाळे.* सर्व्हर संस्थेच्या कार्यालयात असेल, तर अडचण वेगळी असते. घरगुती फायबर आणि मोबाइल इंटरनेटवर बहुतेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. त्यामुळे बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत थेट पोचताच येत नाही. यावर एक उपाय म्हणजे इंटरनेट कंपनीकडून स्थिर आयपी विकत घेणे. दुसरा, अधिक चांगला उपाय म्हणजे क्लाउडवर एक छोटे यंत्र भाड्याने घेऊन त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर बसवणे. बीडचा सर्व्हर आतून बाहेर त्या यंत्राला जोडून राहतो, दर २५ सेकंदांनी एक खूण पाठवून जोडणी जिवंत ठेवतो, आणि तंत्रज्ञ त्याच यंत्रामार्गे आत येतो. स्थिर आयपी लागत नाही. वायरगार्ड फुकट आहे आणि मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे.

यंत्राचे भाडे किती? डिजिटलओशनचे १ जीबी मेमरीचे साधे यंत्र महिन्याला ६ डॉलरला मिळते आणि त्यांचे केंद्र बेंगळुरूला आहे. ६ गुणिले ९० म्हणजे ५४० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ६३७. वर्षाला ७,६४६. अॅमेझॉनच्या मुंबई केंद्रात यंत्र घेतले, तर एक बारीक ओळ वाचा : १ फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला ०.००५ डॉलर वेगळे लागतात. महिन्याला हे साधारण ३३० रुपये, कर वेगळा.

*तिसरा : तयार जाळे.* टेलस्केलसारख्या सेवा वायरगार्डवरच उभ्या आहेत, पण जोडणीची कटकट त्या सांभाळतात. छोट्या वापरासाठी फुकट योजना असते. संस्थेच्या कामासाठी मात्र अटी वाचून सशुल्क योजना घ्यावी, आणि खाते संस्थेच्या ईमेलवर काढावे.

*चौथा : स्क्रीन ताब्यात देणारे अॅप.* आपल्याकडे सर्वांत रुळलेला रस्ता हाच : एनीडेस्क लावा, नंबर सांगा. पण हा व्यवस्थापनाचा रस्ता नव्हे. समोरच्याला पूलरबरोबर खातेदारांची यादी, उघडी फाइल, ईमेल असे सगळेच दिसते. फुकट आवृत्ती व्यक्तिगत वापरासाठी असते, संस्थेला परवाना विकत घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने स्वतःच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले होते, हेही लक्षात ठेवा. क्वचितच्या मदतीला, समोर आपला माणूस बसलेला असताना, ठीक. चोवीस तास चालू ठेवायला नको.

तीन हिशेब

*क्लाउडवर सर्व्हर असलेली संस्था*

पूलर बसवणे व सेटिंग : ४ तास
एसएसएच व फायरवॉल : २ तास
रांग वाढली तर सूचना देणारी व्यवस्था : २ तास
सुट्टीच्या दिवशी चाचणी : २ तास
लेखी माहिती व कर्मचाऱ्यांना शिकवणे : २ तास
एकूण १२ तास, १२,००० रुपये, जीएसटी २,१६० रुपये : १४,१६० रुपये
देखभाल महिन्याला २ तास, वर्षाला जीएसटीसह : २८,३२० रुपये
पहिल्या वर्षी ४२,४८० रुपये, पुढे दर वर्षी २८,३२० रुपये

*बीडच्या कार्यालयात सर्व्हर असलेली संस्था*

वरचे १२ तास अधिक व्हीपीएनचे ४ तास : जीएसटीसह १८,८८० रुपये
व्हीपीएनसाठी क्लाउडचे यंत्र : वर्षाला ७,६४६ रुपये
राउटरसाठी छोटा यूपीएस : २,००० रुपये धरले
देखभाल : २८,३२० रुपये
पहिल्या वर्षी ५६,८४६ रुपये, पुढे दर वर्षी ३५,९६६ रुपये

*अॅमेझॉनचा तयार पूलर घेणारी संस्था*

डेटाबेस अॅमेझॉनच्या आरडीएस सेवेवर असेल, तर ‘आरडीएस प्रॉक्सी’ घेता येते. बसवणे, अद्ययावत ठेवणे कंपनीकडे. दर विभागागणिक बदलतो. अमेरिकेतल्या मूळ विभागात तो व्हीसीपीयूमागे (आभासी प्रोसेसरमागे) तासाला ०.०१५ डॉलर आहे आणि किमान २ व्हीसीपीयू धरले जातात. महिन्याला २१.९ डॉलर, म्हणजे जीएसटीसह सुमारे २,३२६ रुपये, वर्षाला २७,९०९. यात डेटाबेसचे भाडे नाही. ही प्रॉक्सी थेट इंटरनेटवर उघडताच येत नाही, आतल्या जाळ्यातच राहते. सुरक्षेच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे बीडच्या शाखांसाठी व्हीपीएन तरीही लागतेच. शंभर-दीडशे जोडण्यांच्या संस्थेने केवळ पूलरसाठी या वाटेला जाऊ नये. डेटाबेसच तिकडे हलवायचा असेल, तरच विचार करावा.

या आकड्यांत दोन बारकावे आहेत. काम करणारा एकटा तंत्रज्ञ असेल आणि त्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मग बिलात जीएसटी नसेल, आणि लावलाच असेल तर नोंदणी क्रमांक पाहा. दुसरे, पतसंस्थेचे व्याजाचे उत्पन्न जीएसटीमुक्त असल्याने भरलेल्या करातला बहुतेक भाग परत मिळत नाही. तेव्हा तुलना नेहमी करासहित रकमेचीच करा. तांत्रिक सेवेचे एकाच पुरवठादाराला दिलेले शुल्क वर्षात ५०,००० रुपयांच्या पुढे गेले, तर २ टक्के टीडीएस कापण्याचे काम तुमच्याकडे येते.

दरपत्रकात न दिसणारा खर्च

*वीज.* सर्व्हरला इन्व्हर्टर असतो, भिंतीवरच्या फायबरच्या डबीला आणि राउटरला नसतो. वीज गेली की सर्व्हर चालू, पण शाखा आणि पुण्याचा तंत्रज्ञ दोघेही बाहेर. राउटरपुरता छोटा यूपीएस साधारण दीड-दोन हजारांत मिळतो. या सगळ्या यादीत पैशाचा सर्वाधिक मोबदला देणारी वस्तू हीच.

*दुसरी लाइन.* रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, तर दुरुस्तीला किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नाही. वेगळ्या कंपनीचे सिम घातलेला ४जी राउटर तयार ठेवा. वायरगार्ड बाहेर जोडणारे असल्याने ते सिमवरूनही आपोआप जोडले जाते.

*सॉफ्टवेअरवाल्याची चाचणी.* पूलर तीन पद्धतींनी चालतो. ‘सेशन’ पद्धतीत जोडणी वापरकर्ता बाहेर पडेपर्यंत त्याच्याकडे राहते. काहीही बिघडत नाही, पण बचतही थोडीच. ‘ट्रान्झॅक्शन’ पद्धतीत एक व्यवहार झाला की जोडणी दुसऱ्याला मिळते. खरा फायदा इथे आहे, पण तात्पुरते तक्ते किंवा सेशनभर धरलेली कुलुपे वापरणारे सॉफ्टवेअर त्यात अडखळते. पूर्वतयार क्वेरींची (प्रिपेअर्ड स्टेटमेंट्सची) अडचण १.२१ या आवृत्तीपासून दूर झाली आहे. तिच्यापेक्षा जुनी आवृत्ती बसवू देऊ नका. ‘आमचे पॅकेज ट्रान्झॅक्शन पद्धतीत चालते’ असे सॉफ्टवेअर कंपनीकडून लेखी घ्या. त्यासाठी त्यांनी दोन-चार तासांचे पैसे मागितले, तर ते रास्त आहेत. ‘स्टेटमेंट’ ही तिसरी पद्धत हिशेबाच्या कामाला उपयोगाची नाही.

*चकचकीत डॅशबोर्ड.* आलेखांचा पडदा दाखवून पैसे घेतले जातात. पीजीबाउन्सरची खिडकी साधी आज्ञाच समजते, त्यामुळे अनेक चित्रमय साधने तिला जोडताही येत नाहीत. पोस्टग्रेससोबत येणारे पीएसक्यूएल पुरते. ‘रांगेत कोणी १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर ईमेल करा’ एवढी छोटी स्क्रिप्ट सहा ठिकाणांच्या संस्थेला पुष्कळ झाली.

माणूस कुठून आणायचा

काम दुरून होणार असेल, तर माणूस पुण्याचाच हवा असे नाही. अंबाजोगाईला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बीडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथून शिकून पुण्यात नोकरी करणारे आणि घरून काम करणारे तरुण जिल्ह्यात सापडतात. बसवण्याचे काम अनुभवी माणसाकडून आणि महिन्याची देखभाल अशा स्थानिक तरुणाकडून, अशी विभागणी केली तर वर्षाचा खर्च कमी होतो. शिवाय एखाद्या दिवशी यंत्रासमोर उभे राहण्याची गरज पडलीच, तर माणूस तासाभरात पोचतो. १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर ते बीड रेल्वे सुरू झाली असली, तरी पुण्याहून येऊन जाण्यात दिवस जातोच, आणि त्या दिवसाचे बिल तुम्हालाच येते.

कामाची वेळही ठरवून घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या निघतात, उचलीचे पैसे फिरतात, काउंटरवर गर्दी असते. मार्चअखेर तर हात लावायचाच नाही. पावसाळ्यातला एखादा रविवार सर्वांत बरा. ‘सोमवारी सकाळी काही अडले तर जुनी व्यवस्था १५ मिनिटांत परत चालू करून देईन’ ही अट कामाच्या आदेशात लिहा.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

१. ६४३२ हा पोर्ट इंटरनेटवरून दिसणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेच हवे. काम झाल्यावर मोबाइलच्या इंटरनेटवरून तपासून दाखवायला सांगा.

२. पासवर्ड तपासण्याची पद्धत कोणती? ‘स्क्रॅम’ हवी. ‘ट्रस्ट’ म्हणजे पासवर्डच नाही. ‘एनी’ तर त्याहून वाईट : तिच्यात कोणीही, कोणतेही नाव टाकून, व्यवस्थापक म्हणून खिडकीत शिरतो.

३. पूर्ण अधिकाराची नावे किती? ‘अॅडमिन यूजर्स’ या यादीत दोनच नावे असावीत. रोज आकडे पाहणाऱ्याचे नाव ‘स्टॅट्स यूजर्स’मध्ये घाला. त्याला पाहता येते, बंद पाडता येत नाही.

४. प्रत्येक माणसाला वेगळे नाव आणि वेगळी किल्ली आहे का? ‘आमच्या कंपनीचा एकच लॉगिन’ मान्य करू नका. माणूस नोकरी सोडून गेला की त्याची किल्ली त्याच दिवशी रद्द व्हायला हवी.

५. क्लाउडचे खाते कोणाच्या नावावर? ते संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या कार्डावर हवे. पुरवठादाराच्या खाजगी जीमेलवरचे खाते म्हणजे उद्या वाद झाला तर तुमचा रस्ता त्याच्या हातात.

६. नोंदी किती दिवस राहतील? सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस देशातच जपाव्या लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. पूलर जोडण्यांच्या नोंदी आपोआप लिहितो. त्या पुसल्या जाऊ नयेत एवढीच व्यवस्था हवी, आणि तिला वेगळे पैसे लागू नयेत.

७. काम संपल्यावर काय हातात मिळेल? सेटिंगच्या फाइलींची प्रत, नावांची यादी, पुन्हा सुरू करण्याची मराठीतली पायरीवार कृती. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत. हे मिळाल्याशिवाय शेवटचे २५ टक्के बिल देऊ नका.

खातेदारांची माहिती सांभाळणे ही कायद्यानेही तुमची जबाबदारी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘सॉफ्टवेअरवाल्याने पोर्ट उघडा ठेवला’ हे उत्तर तिथे चालत नाही, कारण माहिती तुमच्या ताब्यातली असते. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा.

निर्णय

सहा ठिकाणांच्या संस्थेने आधी जोडण्यांची मर्यादा वाढवून पाहावी. पूलर लागलाच, तर पहिल्या वर्षी ४० ते ६० हजार आणि पुढे वर्षाला ३० ते ३५ हजारांच्या आसपास रक्कम रास्त समजावी. लाखाच्या पुढचे दरपत्रक आले तर तासांचा हिशेब मागा, आणि पाच हजारांत ‘सगळे करून देतो’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न पोर्टचा विचारा. तीन दरपत्रके घ्या, वरचे सात प्रश्न त्यांना जोडा, उत्तरे लेखी आल्यावरच संचालक मंडळात ठराव करा.